टाळकऱ्याचे गाणे

‘याला गळा नाही’ हे शब्द आपल्याकडे किती सहज उच्चारले जातात! स्नेहसंमेलनात मागच्या रांगेत उभे करून ‘नुसते ओठ हलव’ म्हणून सांगितलेले पोर पुढे जन्मभर गाण्यापासून चार हात दूर राहते. गाणे कोणाचे, हा प्रश्न म्हणूनच माणसाने स्वतःला काय समजावे इथपर्यंत जाऊन पोचतो. या प्रश्नाचे एक जुने उत्तर देगलूरला सापडते.

देगलूर हे नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचे गाव. मराठी, तेलुगू आणि कानडी येथे शेजारी नांदतात. 1948 पर्यंत अंमल निजामाचा, त्यामुळे कचेरीत उर्दू. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे गुंडा महाराज होऊन गेले. चक्रीभजनाची परंपरा त्यांच्या नावाशी जोडलेली आहे. टाळ घेऊन उभ्याने, वर्तुळाकार फिरत भजन करावयाचे, असे त्याचे रूप. वर्तुळाला मागची रांग नसते. सुरात कच्चा असलेला मनुष्यही लयीत पाऊल टाकतो, टाळ धरतो, शेजाऱ्याचे ऐकत ऐकत धृपद उचलतो. त्याला कोणी श्रोता म्हणत नाही; तो टाळकरी असतो. परीक्षेवाचून मिळालेली ही पदवी त्याला आयुष्यभर पुरते.

मात्र वारकऱ्यांच्या या समतेची थोरवी गाताना एक गोष्ट लपवू नये. ज्या विठ्ठलासाठी हे भजन, त्याच्या पंढरपूरच्या देवळात अस्पृश्य मानलेल्यांना पाऊल ठेवता येत नव्हते. 1947 च्या मे महिन्यात साने गुरुजींनी प्राणांतिक उपोषण आरंभिले, तेव्हा ते दार उघडले. गाण्यात सारे समान म्हटले, तरी गाण्याच्या जागी कोणाला येऊ द्यावयाचे, हा प्रश्न उरतोच.

रागदारी संगीतातही अशीच दारे होती. विद्या घराण्यात राही, अथवा वर्षानुवर्षे गुरुगृही राबून मिळे. हे दार ढकलले ते कुरुंदवाडच्या एका कीर्तनकाराच्या मुलाने. लहानपणी फटाक्याने विष्णु दिगंबर पलुस्करांची दृष्टी अधू झाली, इतर शिक्षण खुंटले, आणि ते मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकावयास गेले. 5 मे 1901 रोजी त्यांनी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. घराण्याचा वारसा नसलेली सामान्य घरची मुले, आणि पुढे मुलीही, तेथे शिकू लागल्या. 1931 मध्ये त्यांच्या निधनानंतर शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षांमुळे संगीत गावोगावच्या मध्यमवर्गीय घरांत पोचले.

हे ऋण मोठे आहे. तथापि परीक्षा आली की तिच्यामागून ‘नापास’ हा शब्दही येतो. इयत्ता सोडलेला विद्यार्थी आपण गाणाराच नव्हे, असे समजू लागतो. टाळकऱ्याला असे कधी वाटत नाही.

शाळेने दार उघडले आणि वर्तुळाने जागा दिली. आपल्या मुलांना दोन्हींची गरज आहे. यमन ज्याला येईल त्याने अवश्य शिकावा. ज्याचा सूर लागत नाही, ज्याला दिसत वा ऐकू येत नाही, ज्याच्या घरची बोली वेगळी आहे, त्याच्या हाती गुरुजींनी निदान टाळ द्यावा आणि पुढे उभे करावे. ओठ नुसते हलवावयास सांगू नये. सूर उशिरा लागेल, कदाचित लागणारही नाही; पण गाणे माझेही आहे, ही खूण त्याच्या मनात राहील.