सापाचे विष: विकर एकाच कुळातले, परिणाम वेगळे का?

चाकण, तळेगाव आणि पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांभोवती अजूनही शेते, ओढे आणि माळ आहेत. त्यामुळे गोदामात, भंगारात किंवा कामगारांच्या खोलीत साप निघणे नवे नाही. महाराष्ट्रात सर्वाधिक जीवघेणे दंश नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चार सापांचे असतात. मात्र चौघांचे विष सारखे काम करत नाही.

विकर म्हणजे काय?

विकर, म्हणजेच एन्झाइम, हे रासायनिक क्रियेचा वेग वाढवणारे प्रथिन. विषातील विकरांची क्रियाशीलता प्रयोगशाळेत मोजता येते. दुधातील केसीन किंवा अंड्याच्या बलकातील लेसिथिन विषामुळे किती वेगाने तुटते, हे पाहिले जाते.

कोणाच्या विषात काय?

- घोणस: यातील विकरे रक्त गोठवणारे पाचवा आणि दहावा घटक एकदम कामाला लावतात. हे घटक संपून जातात आणि मग रक्त गोठतच नाही.
- फुरसे: यातील एकॅरिन हे विकर प्रोथ्रॉम्बिनवर काम करते. वाट वेगळी, पण शेवट तोच: रक्तस्राव.
- मण्यार: यात फॉस्फोलायपेज ए-2 कुळातील विकर असते. हे कूळ घोणसच्या विषातही आहे. मण्यारचे विकर मात्र मज्जातंतूंची टोके निकामी करते.
- नाग: याच्या विषातही विकरे आहेत, पण श्वासाचे स्नायू लुळे पाडणारी मुख्य विषद्रव्ये विकरे नाहीतच.

म्हणून विकरांची क्रियाशीलता कमी म्हणजे साप कमी घातक, असा हिशेब चुकीचा ठरतो.

रुग्णासाठी याचा अर्थ काय?

दवाखान्यात रक्त काचेच्या स्वच्छ, कोरड्या नळीत 20 मिनिटे न हलवता ठेवतात. ते गोठले नाही, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाची शंका बळावते. नाग किंवा मण्यारच्या दंशात मात्र रक्त सहसा नीट गोठते. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. वेदना किंवा खूण जवळपास नसते. काही तासांनी पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, श्वास अडतो. त्यामुळे रक्ताची चाचणी चांगली आली तरी रुग्णाला देखरेखीखाली ठेवावे लागते.

भारतात मिळणारे प्रतिविष या चारही सापांच्या विषावर चालते. घोड्यांना थोडे थोडे विष टोचून त्यांच्या रक्तातून ते मिळवतात. चाकणहून नाशिककडे जाताना लागणाऱ्या नारायणगावातही ते तयार होते. प्रमाणानुसार 1 मिलिलिटर प्रतिविषाने नाग आणि घोणसचे प्रत्येकी 0.6 मिलिग्रॅम, तर मण्यार आणि फुरशाचे प्रत्येकी 0.45 मिलिग्रॅम विष निष्प्रभ व्हायला हवे. पण मण्यारच्या विषाने एकदा निकामी झालेली मज्जातंतूंची टोके प्रतिविषाने लगेच दुरुस्त होत नाहीत. अशा वेळी रुग्णाला काही दिवस व्हेंटिलेटर लागू शकतो.

म्हणून दंश झाल्यावर जखम कापू नये, विष चोखू नये, घट्ट दोरी बांधू नये आणि साप पकडण्यात वेळ घालवू नये. तो अवयव हलू न देता व्हेंटिलेटर आणि प्रतिविष असलेले रुग्णालय गाठावे.