चुऱ्यातला मासा

१ जून ते ३१ जुलै या काळात महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना मासेमारीची बंदी असते आणि आमच्यासारख्या बाजारावर अवलंबून असणाऱ्यांची सारी भिस्त बर्फातल्या माशावर येऊन पडते. अशाच एका रविवारी सुरमईचे काटे काढलेले तुकडे पावाच्या चुऱ्यात घोळवून तळण्याचा घाट आम्ही घरी घातला. घरातल्या एका वडीलधाऱ्यांनी ताटात डोकावून शेरा मारला : "मासा आपला, पण कपडे साहेबाचे." शेरा मार्मिक होता यात शंका नाही, तो खरा कितपत होता, हे मात्र तपासून पाहण्याजोगे आहे.

कोकणातल्या तळलेल्या माशाचे स्वतःचे कपडे आहेतच. तांदळाचे पीठ, क्वचित रवा, हळद, तिखट, मीठ आणि आगळ किंवा चिंचेचा कोळ. बोंबलासारखा पाण्याने भरलेला मासा असेल तर तो चिरून पाट्या-वरवंट्याच्या भाराखाली दाबायचा, पाणी निथळू द्यायचे आणि मगच पिठात घोळवायचा. या साऱ्या रीतीत पावाला कोठेही जागा नाही, कारण किनारा हा भाताचा मुलूख. गहूच जेथे पाहुणा, तेथे भट्टीत फुगवलेला पाव कोठून येणार?

तो आला पोर्तुगीजांबरोबर; म्हणजे साहेबाच्या कितीतरी आधी. गोवा त्यांच्या हाती गेला १५१० मध्ये, वसई १५३४ मध्ये. आणि वसई चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये घेतली तोवर दोनशे वर्षे उलटून गेली होती. आपला 'पाव' हा त्यांचा 'पांव', आणि गोव्यातला 'पोदेर' म्हणजे त्यांचा पाव भाजणारा 'पादेइरु'. खमीर मिळेना तेव्हा गोव्यात पीठ आंबवायला माडाची सूर वापरली गेली. परका पदार्थ येथल्या झाडाच्या आधाराने उभा राहिला, असेच म्हणायचे. लोकांनी मात्र या शब्दाची व्युत्पत्ती निराळीच लावली : पायांनी मळतात म्हणून पाव! भाषाशास्त्राच्या तासाला आम्ही हे लोकव्युत्पत्तीचे उदाहरण म्हणून सांगतो आणि वर्ग हसतो. वास्तविक त्यात हसण्यासारखे फारसे नाही. शब्दाचे मूळ चुकलेले असले तरी त्यामागची किळस अस्सल आहे.

ती किळस अन्नाची नव्हती, हाताची होती. किनाऱ्यावरच्या सारस्वत, पाठारे प्रभू, कायस्थ प्रभू अशा जातींच्या घरांत मासा हे रोजचे अन्न. मासा खाऊन तेथे कोणी बाटत नसे. पावाने मात्र बाटत असे. विहिरीत पाव टाकून आख्खे गाव बाटवल्याच्या कथा गोव्यापासून वसईपर्यंत सांगितल्या जातात. त्यांतली ऐतिहासिक सत्यता किती, हा प्रश्न वेगळा. पण पावाच्या एका तुकड्यात गावाची जात बुडवण्याचे सामर्थ्य आहे ही कल्पना लोकांना पटण्याजोगी वाटली, हीच खरी नोंद घेण्याची बाब. आज ताटातल्या माशावरून माणसाची परीक्षा होते. दीडशे-पावणेदोनशे वर्षांपूर्वी त्याच ताटात बोट ठेवले गेले असते ते चुऱ्यावर.

आणि येथे आपल्या अभ्यासक्रमातले एक सुपरिचित नाव पुढे येते. दादोबा पांडुरंग तर्खडकर यांना आपण १८३६ च्या मराठी व्याकरणासाठी ओळखतो. त्याच दादोबांच्या प्रेरणेने १८४९ मध्ये मुंबईत परमहंस सभा स्थापन झाली. जातिभेद मोडणे हे सभेचे उद्दिष्ट आणि तिचे कामकाज गुप्त. सभासद होणाऱ्याला ख्रिस्ती माणसाने भाजलेल्या पावाचा तुकडा खावा लागे आणि मुसलमानाच्या हातचे पाणी प्यावे लागे. 'यमुनापर्यटन'कार बाबा पदमनजी हेही काही काळ या सभेत होते. १८६० च्या सुमारास सभासदांची यादी बाहेर फुटली आणि सभा विस्कटली. उघडपणे एक घासही घेता येऊ नये, इतकी त्या यादीची धास्ती होती. पुढे १८९० मध्ये पुण्यात पंचहौद मिशनमधल्या चहा-बिस्किटांवरून ग्रामण्य उभे राहिले, तेव्हा रानडे-टिळकांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या भानगडीत पडावे लागले. म्हणजे चाळीस वर्षांत भट्टीच्या पदार्थाचा धाक फारसा ओसरला नव्हता.

आम्ही ही हकीकत वर्गात अनेकदा सांगितली आहे आणि दर वेळी ती 'सुधारकांचे धैर्य' या शीर्षकाखाली सांगितली आहे. ते धैर्य होतेच. परंतु त्या रविवारी शिळा पाव कुस्करताना एक गोष्ट प्रथमच खटकली. तुकडा खाणाऱ्यांची नावे आपल्याला ठाऊक आहेत. त्यांतल्या काहींची चरित्रे आहेत, आत्मचरित्रे आहेत. तो पाव भाजणारा कोण? 'ख्रिस्ती माणूस' एवढीच त्याची ओळख. पहाटे भट्टी पेटवणारा, रोज आपला पाव आपण खाणारा तो मनुष्य ना सुधारक ठरला, ना साक्षीदार. ज्याच्या हातचे खाणे हीच क्रांती होती, त्याला त्या क्रांतीत बोलावलेच नव्हते. प्रबोधनाचा इतिहास शिकवणाऱ्या आम्हा मंडळींना हे दिसायला इतकी वर्षे लागावीत, हे काही भूषणावह नाही.

चुरा हा तर पावाचाही उरलेला भाग. शिळा झाला, कडक झाला की कुस्करायचा; फेकायचा नाही. इंग्रजी अमदानीत तो 'कटलेट'च्या अंगावर चढून आपल्याकडे रुळला. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ बरगडीचा छोटा तुकडा. आपण बटाट्याचे कटलेट करतो, त्यात बरगडी शोधण्याची तसदी कोणी घेऊ नये. १८ व्या-१९ व्या शतकांतल्या या देवघेवीपेक्षाही आम्हाला गंमत वाटते ती 'पांको' या जपानी चुऱ्याची. पोर्तुगीज १५४३ मध्ये जपानला पोहोचले आणि तेथेही हाच शब्द ठेवून आले : 'पान' म्हणजे पाव, 'को' म्हणजे पीठ. आपला पाव आणि त्यांचा पान ही एकाच घरातून दोन दिशांना गेलेली भावंडे. आता तो पांको मुंबईच्या दुकानात महाग पुडीतून मिळतो आणि कोपऱ्यावरचा लादीपाव शिळा म्हणून टाकला जातो. (ब्रिटनमध्ये १९५५ साली 'बर्ड्‌स आय'ने गोठवलेली 'फिश फिंगर' बाजारात आणली, आपल्या शीतपेटीतल्या पुड्या त्याच वंशावळीतल्या.)

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. चुरा कुरकुरीत का होतो, तर तो आधीच एकदा भाजला गेलेला, वाळलेला आणि सच्छिद्र असतो. तेलात त्यातले उरलेसुरले पाणी झपाट्याने निघून जाते. म्हणून क्रम महत्त्वाचा : तुकडा पुसून कोरडा करायचा, आधी कोरड्या पिठात, मग फेटलेल्या अंड्यात, शेवटी चुऱ्यात. पीठ ओल शोषते, अंडे गरम तेलात घट्ट होऊन चुरा धरून ठेवते. तेल १७५ ते १८० अंशांच्या आसपास हवे. थंड तेलात चुरा तेल पितो आणि सारी मेहनत वाया जाते. पहिला घाणा आमचा असाच गेला. एका वेळी थोडेच तुकडे सोडावेत हे शहाणपण दुसऱ्या घाण्याला सुचले.

तोंडी लावण्यासाठी आम्ही गोव्याचा रेशाद मसाला घेतला : सुक्या लाल मिरच्या, लसूण, जिरे, मिरे, व्हिनेगरमध्ये वाटलेले. 'रेशाद' हा पोर्तुगीज 'रेशेआदु', म्हणजे भरलेला. बांगड्याच्या पोटात भरायचा तो मसाला आम्ही चक्क्यात कालवला. त्यातली मिरची अमेरिकेतून पोर्तुगीजांच्याच गलबतांनी आलेली. तिला आपण मिऱ्यावरून नाव दिले आणि मग मिऱ्यालाच मागे सारले. म्हणजे ज्याला वडीलधाऱ्यांनी 'साहेबाचे कपडे' म्हटले तो चुरा, आणि जिच्यावाचून त्यांना जेवण जात नाही ती मिरची, दोघांचीही आणणारी गलबते एकच. हे आम्ही त्यांना सांगितले. त्यांनी शेवटचा तुकडा चक्क्यात बुडवला, चावला आणि विचारले, "पाव कोणत्या बेकरीचा?"

बेकरीचे नाव आम्हाला ठाऊक होते. भट्टीवर कोण असतो, ते सांगता आले नाही.