शब्द मानाचा, हिशेब दामाचा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या गावांत 'मानधन' हा शब्द नेहमी कानावर पडतो. गुरुजींना मिळतो तो पगार, धानाच्या रोवणीला जाणाऱ्या बाईला मिळते ती मजुरी. अंगणवाडी सेविकेला आणि पोलीस पाटलाला मिळतं ते मात्र मानधन. कामाचे पैसे तर सगळेच घेतात. मग हा 'मान' मध्येच कुठून आला? त्यासाठी थेट रोमला जावं लागतं.

लॅटिनमध्ये 'होनोर' म्हणजे मान. ज्या सरकारी पदामुळे तो मिळे, त्या पदालाही 'होनोर'च म्हणत. असा मानकरी, प्रतिष्ठित माणूस तो 'होनेस्तुस'. हा शब्द फ्रेंचमार्गे इंग्रजीत येऊन 'ऑनेस्ट' झाला. सुरुवातीला तिथेही त्याचा अर्थ अब्रूदार असाच होता. 'लबाडी न करणारा' हा अर्थ हळूहळू पुढे आला. म्हणजे तिकडे प्रामाणिकपणाचा शब्द प्रतिष्ठेच्या घरात जन्मला. आपला 'प्रामाणिक' आला प्रमाणातून, म्हणजे पुराव्यातून. 'इमान' आलं अरबीतून, आणि त्याचा मूळ अर्थ श्रद्धा. 'अब्रू' फारसी, चेहऱ्यावरचं पाणी, तेज ते अब्रू.

आता पैशाकडे वळू. रोममध्ये वकिली हे प्रतिष्ठितांचं काम. इ.स.पूर्व २०४ मध्ये कायद्यानं वकिलांना अशिलांकडून पैसे किंवा भेटी घ्यायला बंदी केली. तरी घेणारे घेतच होते. अखेर इ.स. ४७ मध्ये सम्राट क्लॉडियसनं दहा हजार सेस्टर्सची मर्यादा घालून वाट मोकळी केली. पण मजुरी म्हटलं तर कमीपणा! म्हणून अशा मोबदल्याला 'होनोरारियुम' हे नाव रूढ झालं. त्याचंच इंग्रजी 'ऑनरेरियम' आणि आपलं सरकारी 'मानधन'.

गंमत म्हणजे हा शब्द संस्कृतात जुनाच आहे. भारवीच्या 'किरातार्जुनीया'त योद्ध्यांना 'मानधन' म्हटलं आहे. मान हेच ज्यांचं धन, असे ते.

रोममध्ये या शब्दानं प्रतिष्ठिताचा संकोच झाकला. आपल्याकडे त्यानं कष्टकरी बाईचा हक्क झाकला, असं मला वाटतं. एटापल्ली, भामरागडच्या पाड्यांत मुलांची वजनं घेणारी, आहार देणारी सेविका वर्षानुवर्षं राबते. पण तिला मिळतं ते 'मानधन', वेतन नव्हे. मग ग्रॅच्युइटी कसली, असा सरकारी युक्तिवाद असे. गुजरातच्या सेविकांच्या प्रकरणात २५ एप्रिल २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तो फेटाळला. ग्रॅच्युइटी कायद्याच्या दृष्टीनं हे मानधन वेतनच आहे, असा निर्वाळा दिला.

दोन हजार वर्षं मानाच्या पदराआड राहिलेला दाम त्या दिवशी उघड झाला. कामाला कामाचं नाव द्यावं, यातही मान आहेच की!