परसातली जाळीची खोली

मे महिना निम्मा झाला की इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर दोन प्रश्न हमखास येतात. हापूस कुठल्या दुकानात आला? आणि परसात उघडून लावायचा तो जाळीचा तंबू कुठला घ्यावा? पहिल्या प्रश्नातलं मला काही कळत नाही. दुसऱ्यावर मात्र गेल्या हिवाळ्यात मी गरजेपेक्षा बरंच जास्त वाचलं. इतिहासात डॉक्टरेट केलेल्या माणसाची ही खोडच असते, बादली घ्यायची असली तरी आधी बादलीचा इतिहास. तुमच्याही घरी यंदा हा विषय निघाला असेल, तर माझ्या वाचनाचा थोडा उपयोग होईल.

निमित्त आईचं. संगमेश्वरजवळच्या आमच्या घराला पडवी आहे आणि आईची प्रत्येक संध्याकाळ त्या पडवीत गेली आहे. गेल्या वर्षी जून ते ऑक्टोबर ती आमच्याकडे कनेक्टिकटमध्ये होती. चौथ्या दिवशी तिच्या पायांवर डासांच्या चाव्यांनी सुपारीएवढ्या गाठी आल्या. त्यात २०१९ साली या राज्यात डासांमुळे होणाऱ्या ‘ईईई’ या मेंदूज्वराने तीन माणसं दगावली होती, ते माझ्या डोक्यातून जात नव्हतं. मी तिला दिवेलागणीनंतर बाहेर बसू देईना. “एवढं मोठं परस, आणि बसायला जागा नाही,” असं ती एकदाच म्हणाली. मग पाच महिने खिडकीशी बसली. घाईघाईने मागवलेला एक स्वस्त तंबू ऑगस्टमधल्या वादळात शेजाऱ्यांच्या कुंपणावर जाऊन पडला. विकणाऱ्यांनी हात वर केले. यंदा आई पुन्हा येते आहे. तिचं वय चौऱ्याहत्तर. अजून किती वेळा एवढा प्रवास झेपेल, हा हिशेब आपण सगळेच मनात करतो आणि बोलत नाही.

खिडकीच्या ज्या जाळीमागे आई बसली होती, तिच्या जन्माची एक गोष्ट आमच्याच राज्यात सांगतात. नॉरवॉक नदीच्या काठी जॉर्जटाउन नावाचं छोटं गाव आहे. तिथे बेंजामिन गिल्बर्ट नावाच्या चामडं कमावणाऱ्या माणसाने १८१८ मध्ये घोड्याच्या केसांच्या चाळण्या करायला सुरुवात केली. पुढे त्यातून ‘गिल्बर्ट अँड बेनेट’ ही कंपनी उभी राहिली आणि केसांच्या जागी तार आली. १८६१ मध्ये यादवी युद्ध पेटलं, दक्षिणेकडचं गिऱ्हाईक तुटलं आणि चाळण्यांसाठी विणलेली तारेची जाळी गोदामात गंजू लागली. तेव्हा तिला रंग देऊन खिडक्यांना लावायला विकावी, असं कुणाला तरी सुचलं. म्हणजे आपल्या खिडकीला लागलेली ही वस्तू मुळात स्वयंपाकघरातली चाळण आहे. तो कारखाना १९८९ मध्ये बंद झाला.

लक्षात घ्या, तेव्हा डासाने रोग होतो हे कुणालाच माहीत नव्हतं. ‘मलेरिया’ या इटालियन शब्दाचा अर्थच खराब हवा. जाळी लावायची ती माश्यांची कटकट नको म्हणून. तिची खरी किंमत कळायला आणखी चाळीसेक वर्षं गेली आणि ती पहिल्यांदा कळली ती आपल्याकडे, सिकंदराबादेत. तीही उलट्या बाजूने. ऑगस्ट १८९७ मध्ये रोनाल्ड रॉस यांनी हुसेन खान नावाच्या मलेरियाच्या रुग्णाला मच्छरदाणीत झोपवलं आणि डास आत सोडले. दर डासामागे एक आणा, असा सौदा होता. २० ऑगस्टला त्यांतल्या एका डासाच्या पोटात रॉसना मलेरियाचा परजीवी दिसला. नोबेल रॉसना मिळालं, हुसेन खानांना आणे. पण मला त्या दृश्यात राहून राहून दिसते ती मच्छरदाणी. जाळी डासांना बाहेर ठेवते असं आपण धरून चालतो. जाळीला आत काय नि बाहेर काय, हे ठाऊक नसतं. एकदा डास आत शिरला की तिच्याइतका पक्का पिंजरा नाही, आणि पिंजऱ्यात आपण असतो.

१९०० साली याच गोष्टीच्या दोन्ही बाजू दोन ठिकाणी तपासल्या गेल्या. पहिली इटलीत. रॉस यांचे गुरू पॅट्रिक मॅन्सन यांनी इंग्लंडमध्ये एक सुटी लाकडी झोपडी बनवून घेतली आणि ती रोमजवळ ऑस्तियाच्या दलदलीत नेऊन उभारली. दारं-खिडक्यांना जाळी. लुई सँबन आणि जॉर्ज लो हे दोन डॉक्टर त्यांच्या सोबत्यांसह जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे राहिले. क्विनीन घेतलं नाही. दिवसभर ते त्याच परिसरात हिंडत, लोकांत मिसळत. फक्त सूर्य मावळायच्या आत झोपडीत जात आणि उजाडल्यावर बाहेर येत. आसपासची माणसं तापाने फणफणत असताना यांना काही झालं नाही. घडी करून नेता येणाऱ्या जाळीच्या खोल्यांची वंशावळ काढायची, तर मी या झोपडीला मूळपुरुष मानेन.

दुसरी बाजू क्युबात, हवानाजवळच्या कॅम्प लाझिअरमध्ये. तिथे वॉल्टर रीड यांच्या मंडळाने १४ फूट बाय २० फुटांची एक खोली बांधली आणि तारेच्या जाळीने तिचे दोन भाग केले. हवा एकच, खोली एकच. २१ डिसेंबरला एका भागात पीतज्वराच्या रुग्णांना चावलेले १५ डास सोडले आणि जॉन मोरन हा तरुण स्वेच्छेने तिथे जाऊन निजला. जाळीच्या पलीकडे दुसरे स्वयंसेवक. मोरन नाताळच्या दिवशी आजारी पडला, पलीकडचे धडधाकट राहिले. (मोरनही पुढे बरा झाला.) खराब हवेचा सिद्धांत त्या जाळीने निकालात काढला.

एवढं सिद्ध झाल्यावर पनामात तरी सगळं सुरळीत व्हायला हवं होतं. तिथे १८८० च्या दशकात फ्रेंचांचा कालवा रोगराईने बुडवला होता. मृतांचा अंदाज २२,००० च्या घरात सांगतात. अँकॉनच्या त्यांच्या देखण्या रुग्णालयात मुंग्या चढू नयेत म्हणून खाटांचे पाय पाण्याच्या वाडग्यांत ठेवलेले असत आणि खिडक्यांना जाळ्या नसत. पीतज्वराच्या डासाला याहून सोयीचं बाळंतघर कुठलं? १९०४ मध्ये अमेरिकन आले तेव्हा डॉ. विल्यम गॉर्गस जाळ्यांसाठी पैसे मागत होते आणि वरच्यांना ती उधळपट्टी वाटत होती. १९०५ मध्ये पीतज्वराची साथ आली, माणसं बोटी पकडून पळू लागली, तेव्हा कुठे पैसे सुटले. दमट खाऱ्या हवेत लोखंड गंजतं म्हणून तांब्याची जाळी आणली गेली. त्याच वर्षाअखेर पीतज्वर पनामा शहरातून गेला.

इथवरची गोष्ट आरोग्याच्या इतिहासाच्या बहुतेक पुस्तकांत मिळते. पण ती जाळी कुणाच्या घराला लागली? कालव्यावर पगाराची दोन खाती होती. ‘गोल्ड रोल’वर प्रामुख्याने गोरे अमेरिकन, ‘सिल्व्हर रोल’वर मुख्यतः बार्बाडोस, जमैका वगैरे बेटांवरून आलेले काळे मजूर. सोनेरी खात्याच्या घरांना जाळी लावलेले रुंद व्हरांडे. जुन्या छायाचित्रांत त्या व्हरांड्यांत वेताच्या खुर्च्या दिसतात. चंदेरी खात्याच्या बहुतेक वस्तीला जाळी नाही. अमेरिकन काळातल्या मृत्यूंचा अधिकृत आकडा ५,६०९ आहे. त्यांत सुमारे ४,५०० वेस्ट इंडीजचे. सगळे काही तापाने गेले नाहीत. न्यूमोनिया आणि सुरुंगाचे अपघातही होते. तरी मला त्या व्हरांड्यांत वाढणाऱ्या, धुणंभांडी करणाऱ्या बायका दिसतात. दिवसभर जाळीच्या आत राबायचं आणि निजायला जाळीच्या बाहेर जायचं.

तुम्ही म्हणाल, तंबू घ्यायला निघालो होतो, कालव्यात कुठे नेलंत? पण मागच्या जुलैत आमच्याकडे वीस माणसं जेवायला होती. एका मित्राचा मोठा जाळीचा तंबू आणून लावला होता. पुरुष मंडळी, मुलं आणि पाहुणे आत. शेगडी बाहेर, टेबल बाहेर. आई आणि मी ताटं घेऊन आत-बाहेर. दर दोन मिनिटांनी चेन उघडायची, प्रत्येक फेरीला चार डास आत, आणि बाहेर आमचे पाय उघडेच. दुसऱ्या दिवशी सर्वांत जास्त गाठी आईच्याच पायावर होत्या. आमच्यावर कुणी चंदेरी खातं लादलं नव्हतं हे खरं, आणि पनामाशी तुलना करायची माझी हिंमत नाही. पण हा तंबू किती माणसांचा, एवढंच वेष्टनावर छापलेलं असतं. त्यात फेऱ्या कोण घालणार, हे आपल्यालाच बघावं लागतं.

म्हणून यंदा मी निराळं मोजलं. जेवणाचं टेबल आतच मावलं पाहिजे, आणि तंबूचं दार स्वयंपाकघराच्या दाराकडे तोंड करून असलं पाहिजे. बारा फूट रुंदीचा सहा बाजूंचा तंबू आठ माणसांचा म्हणून विकतात. टेबल आत घेतलंत की पाच माणसं धरा. शेगडी मात्र कधीही आत नेऊ नका, भुरभुर पाऊस आला तरी नाही. आग तर आहेच, शिवाय कोळशाचा विषारी वायू दिसत नाही.

जाळीचं म्हणाल, तर खिडकीची नेहमीची जाळी इंचाला १८ बाय १६ घरांची असते. डासाला ती पुरते, पण किनाऱ्यालगतच्या त्या डोळ्यांना न दिसणाऱ्या चिलटांना पुरत नाही. त्यांच्यासाठी अधिक बारीक विणीची घ्यावी लागते. वीण जितकी बारीक तितका वारा कमी. आम्ही किनाऱ्यापासून आत राहतो, मी वाऱ्याची बाजू घेतली. तळाचं कापड असावं की नसावं यावर ग्रुपवर दरवर्षी भांडणं होतात. तळ असलेल्यात गोचीड येत नाही, आणि लाइम रोगाला ज्या गावाचं नाव मिळालं ते आमच्याच राज्यात आहे. पण तळाच्या काठाला आईचा पाय अडकेल. बिनतळाचा घ्यायचा, तर खाली जमिनीवर लोळणारी हातभर रुंद पट्टी हवी आणि गवत कापलेलं हवं. मी पट्टीवाला घेते आहे, लाकडी डेकवर लावायला नव्हे, कापलेल्या हिरवळीवर.

झटक्यात उघडणाऱ्या सांगाड्याचं श्रेय पुष्कळसं बिल मॉस या मिशिगनच्या चित्रकाराला जातं. वाकणाऱ्या फायबरग्लासच्या काड्यांचा त्याचा ‘पॉप टेंट’ १९५५ चा. कापड काड्यांना वाकवून धरतं आणि काड्या कापडाला ताणून धरतात, म्हणून खांब रोवायला लागत नाहीत. पण म्हणून खुंट्याही लागत नाहीत, असा समज करून घेऊ नका. माझा तंबू त्याच समजापायी उडाला. आपल्याकडे रावटी हा शब्द अबुल फझलच्या ‘आईन-इ-अकबरी’तही येतो, आणि तंबूच्या दोरीला मराठीत तणाव म्हणतात. एकेकाळी छावणी उठत-बसत राहिलेल्या मुलखातली मी मुलगी. तणाव बांधायचेच विसरले, मग उरला तो दुसरा तणाव. आता प्रत्येक कोपऱ्याला दोरी आणि वाऱ्याच्या बाजूला लावायची दोन कापडी पाखं, एवढं नसेल तर तो तंबू मी पाहतसुद्धा नाही.

आणि वेळ. सँबन आणि लो सूर्य मावळायच्या आत झोपडीत जात, मावळल्यावर नव्हे. आमच्याकडे जुलैत साडेआठला सूर्य मावळतो. म्हणजे चहा नव्हे, रात्रीचं जेवणच साडेसातला आत मांडायचं, भात, आमटी, ताक, पाणी सगळं एकदम नेऊन चेन लावायची. ज्याला मीठ कमी वाटेल त्याने तसंच खायचं. हा नियम मी नवऱ्याला आणि मुलाला सांगून ठेवला आहे. मुलाने विचारलं, “आणि आजीला चहा हवा झाला तर?” थर्मास घेतला.

परवा हिरवळीवर सुतळी लावून बारा फुटांचा षटकोन आखला, त्यात खुर्च्या मांडून पाहिल्या आणि आईला व्हिडिओवर दाखवलं. तिने बराच वेळ बघितलं. “झोपाळा राहील का त्यात?” म्हणाली. काड्यांना झोपाळा पेलणार नाही, असं सांगितलं. “बरं, मग एक बुटकं स्टूल ठेव. भाजी निवडायला मी तिथेच बसेन.” स्टूल आखणीत बसेना. मी एक खुर्ची काढली.