स्वस्तात मिळालेला पोरगा

१९३६ साली एकमेकींशी काडीचाही संबंध नसलेल्या दोन गोष्टी घडल्या. फेब्रुवारीत अमेरिकेतल्या फिलाडेल्फियात व्यावसायिक फुटबॉल संघांचे मालक एका हॉटेलात जमले आणि त्यांनी कॉलेजातले खेळाडू आळीपाळीने वाटून घेतले. ऑगस्टमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी कबड्डीची प्रात्यक्षिकं दाखवली. पहिल्या गोष्टीत बाजार होता, दुसरीत हौस. कबड्डी त्या बाजारात पोचायला आणखी ७८ वर्षं गेली.

अमेरिकन फुटबॉल म्हणजे आपण ओळखतो तो नव्हे. तो हातात चेंडू घेऊन पळण्याचा, धडका देण्याचा खेळ. त्यांच्या ड्राफ्टचा नियम साधा: मागच्या हंगामात जो संघ शेवटचा, त्याने पहिला खेळाडू निवडायचा. कल्पना होती बर्ट बेल यांची, आणि त्यांचाच फिलाडेल्फिया ईगल्स तेव्हा तळाला होता. त्यांनी पहिली निवड केली जे बर्वँगरची, त्या काळच्या सगळ्यात नावाजलेल्या कॉलेज खेळाडूची. हा गडी व्यावसायिक फुटबॉलचा एकही सामना खेळला नाही. उलट २००० साली टॉम ब्रेडी १९९व्या क्रमांकावर निवडला गेला आणि पुढे त्याने सात सुपर बोल जिंकले. म्हणजे खेळाडू निवडण्यातली चूक ही खेळाडू निवडण्याइतकीच जुनी आहे.

आता आपल्याकडे या. लीगच्या आधी कबड्डीपटूची किंमत नोकरीत मोजली जायची. रेल्वे, पोलीस, एअर इंडिया, बँका आपापले संघ ठेवायच्या. चांगला चढाईपटू असेल तर त्याला नोकरी, आणि नोकरी म्हणजे घर, लग्न, पेन्शन. मे २०१४ मध्ये प्रो कबड्डीचा पहिला लिलाव झाला आणि माणसाच्या नावापुढे आकडा आला. सगळ्यात मोठा आकडा होता १२ लाख ८० हजार, पाटणा पायरेट्सने राकेश कुमारवर लावलेला.

त्या लिलावात महाराष्ट्राचे दोन संघ होते, यू मुम्बा आणि पुणेरी पलटण. खर्चाची मर्यादा दोघांनाही सारखीच, खेळाडूही त्याच यादीतले. पुढे काय झालं? यू मुम्बा पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत पोचला आणि २०१५ मध्ये जिंकला. पुणेरी पलटण पहिले दोन्ही हंगाम शेवटच्या क्रमांकावर राहिला.

फरक कुठे पडला? माझ्या मते मुम्बाने नावं नाही, जागा विकत घेतल्या. चढाईला अनुप कुमार होताच, पण दोन्ही कोपऱ्यांवर सुरेंदर नाडा आणि मोहित छिल्लर होते. कबड्डीत एका कोपऱ्याने पाय धरला आणि दुसरा वेळेवर आला नाही तर पकड सुटते. त्यामुळे एकट्या कोपरारक्षकाची किंमत काढताच येत नाही, जोडीची काढावी लागते. लिलावात मात्र नावं एकेक करून पुकारली जातात.

हाच घोळ पुढे मोठ्या आकड्यांत दिसला. कोल्हापूरच्या चंदगड तालुक्यातल्या हुंदळेवाडीच्या सिद्धार्थ देसाईला २०१८ मध्ये यू मुम्बाने ३६ लाख ४० हजारांत घेतलं. पहिल्याच हंगामात त्याने चढाईचे २१८ गुण काढले. पुढच्या वर्षी तेलुगु टायटन्सने त्याच्यावर १ कोटी ४५ लाख लावले. सिद्धार्थने तिथेही दोनशेच्या वर गुण काढले. पण टायटन्स बारा संघांत अकरावे आले, आणि तो गेल्यावरही मुम्बा उपांत्य फेरीत पोचला. पोरगा तोच, गुण जवळपास तेवढेच. बदलली फक्त किंमत, आणि त्याच्या भोवतीचे सहा जण.

२०२२ चं उदाहरण तर पुस्तकात छापावं असं आहे. तमिळ थलायवाजने पवन सेहरावतवर २ कोटी २६ लाख खर्च केले. पहिल्याच सामन्यात त्याच्या गुडघ्याला दुखापत झाली आणि त्याचा हंगाम संपला. सगळ्यांनी थलायवाजचा विषय सोडून दिला. तेव्हा नरेंदर नावाच्या पोराने, जो लिलावाबाहेरून नवोदित म्हणून संघात आला होता, पहिल्याच हंगामात चढाईचे २४३ गुण काढले आणि संघाला उपांत्य फेरीत नेलं. पुढच्या वर्षी टायटन्सने पवनला २ कोटी साडेसाठ लाखांत घेतलं. प्रत्येक संघाकडे एकूण ५ कोटी होते, म्हणजे निम्म्याहून जास्त पैसे एका माणसावर गेले. पवन चांगलाच खेळला. संघ शेवटचा आला.

अमेरिकेत केड मॅसी आणि रिचर्ड थेलर या दोन अभ्यासकांनी फुटबॉल ड्राफ्टचा हिशोब मांडला, तेव्हा असंच काहीसं निघालं. पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सरासरीने सरस असतो खरा, पण त्याच्यासाठी मोजावं लागणारं मोल त्याहून जास्त असतं. पैशाच्या मानाने खरा फायदा जरा खालच्या निवडींत असतो. लिलावात तर आणखी एक सापळा आहे. खेळाडूचा अंदाज दहा जण लावतात, आणि जिंकतो तो ज्याचा अंदाज सगळ्यात फुगलेला असतो.

पुणेरी पलटणला हे कळायला वेळ लागला, पण कळलं. त्यांनी युवा पलटण नावाने पोरं घडवली. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातला अस्लम इनामदार, हरियाणाचा मोहित गोयत हे असेच नवोदित म्हणून वर आले. चार पैसे हातात राहिले, म्हणून २०२३ मध्ये इराणच्या मोहम्मदरेझा चियानेहवर २ कोटी ३५ लाख लावता आले. १ मार्च २०२४ रोजी पलटणने हरियाणा स्टीलर्सला २८-२५ असं हरवून पहिल्यांदा चषक उचलला. कर्णधार अस्लम होता. महागडी निवड चुकीची नसते. तिच्याखाली भक्कम जोतं नसेल तर ती चुकते.

म्हणून लिलाव संपल्यावर मोबाइलवर 'कुणी बाजी मारली' असे व्हिडिओ येतात, तेव्हा मी तीन प्रश्न विचारतो. हा खेळाडू कोणत्या जागेसाठी घेतला? त्याला घेतल्यावर बाकीच्यांसाठी किती पैसे उरले? आणि तो पडला तर मागे कोण आहे? उत्तरं मिळायला निदान दोन हंगाम लागतात.

पण एक चौथा प्रश्न आहे, आणि तो संघमालक कधी विचारत नाही. मी सॉफ्टवेअरमध्ये आहे. कॅम्पस प्लेसमेंटमध्ये आमच्याही नावापुढे आकडे लागले होते, त्यामुळे हा प्रश्न मला जवळचा वाटतो. संघाच्या दृष्टीने सगळ्यात यशस्वी निवड म्हणजे 'स्वस्तात मिळालेला पोरगा'. पण स्वस्तात मिळाला म्हणजे त्याच्या कामाचं पूर्ण मोल त्याला मिळालं नाही. उरलेले पैसे दुसऱ्या कुणाच्या बोलीत गेले. गुडघा त्याचाही तसाच मोडू शकतो, आणि नोकरीवाल्या काळातलं पेन्शन आता त्याच्या मागे नाही.

आमचं करमाळा तालुक्यातलं केम कुंकवासाठी ओळखलं जातं, कबड्डीसाठी नाही. तरी संध्याकाळी मातीत अंगाला अंग भिडवणारी पोरं इथेही आहेत, आणि प्रत्येकाच्या डोक्यात एक आकडा आहे. त्यांना सांगायचं झालं तर एवढंच सांगेन: बोली लागते ती तुमच्या मागच्या वर्षावर, आणि खेळायचं असतं पुढचं वर्ष. पुकारलेला आकडा समोरच्याच्या अंदाजाचा असतो. तो कमी लागला तर तुम्ही कमी ठरत नाही. मात्र करारावर सही करण्याआधी तो किती वर्षांचा आहे, तेवढं नीट वाचा.