हुडकण्याच्या खेळाला काय म्हणावं?

देगलूरच्या घरांत 'शोधणे' हे क्रियापद फारसं ऐकू येत नाही. ते शाळेच्या पुस्तकात असतं, वर्तमानपत्रात असतं. घरात किल्ली हरवली, चपलेचा एक पाय दिसेना, गोठ्यातून वासरू सुटलं की ते 'हुडकायचं' असतं. "नीट हुडक की, तिथंच असंल" हे वाक्य इथल्या प्रत्येक पोरानं आईच्या तोंडून ऐकलेलं आहे. कन्नडात 'हुडुकु' म्हणजे शोधणे. आमचं हुडकणं आणि बिदरकडच्या माणसाचं हुडुकु एकाच घरचं आहे, हे बाजारात दोघं शेजारी उभे राहिले की कानालाच कळतं. कोल्हापूर-सांगलीपासून सोलापूर, लातूर, नांदेडपर्यंत, म्हणजे जिथं जिथं मराठीला कन्नडाचा शेजार आहे तिथं तिथं हा शब्द घट्ट रुजला. पुण्या-मुंबईच्या लेखी भाषेनं त्याला ग्रामीण म्हणून उंबऱ्याबाहेर ठेवलं. ते मला पटलेलं नाही. ज्या शब्दात वस्तू उलट्यापालट्या करून, वाकून, हात घालून बघणं आहे, तो शब्द 'शोध'पेक्षा कमी कसा?

'शोध' तर मुळात शोधण्याचा शब्दही नाही. संस्कृतातल्या 'शुध्' धातूचा अर्थ स्वच्छ होणे. शोधन म्हणजे शुद्ध करणे, गाळणे, निवडणे. गाळता गाळता हवं ते हाती लागतं, म्हणून शोध 'तपासा'कडे सरकला आणि मराठीत तिथंच राहिला. शुद्धलेखनातला 'शुद्ध' आणि पोलिसांचा 'शोध' एकाच मुळाचे आहेत.

देगलूर हे अशा शब्दांचं गाव आहे. एका बाजूला तेलुगू, दुसऱ्या बाजूला कन्नड, बाजारात दखनी, घरात मराठी. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याची वाटणी झाली तेव्हा नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला, पण देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही मंडळं आंध्रकडे गेली; आज ती तेलंगणात आहेत. सीमा नकाशावर पडली, बोलीवर पडली नाही. देगलूर, लातूर या नावांच्या शेवटी असलेला 'ऊर' म्हणजे कन्नड-तेलुगूतलं गाव. लपून बसायचा आणि हुडकायचा खेळ तर तिन्ही भाषांत आहे: आपला लपंडाव, म्हणजे लपण्याचा डाव, तेलुगूत दागुडुमूतलु, ज्यात 'दागु' म्हणजे लपणे, कन्नडात कण्णामुच्चाले, ज्यात 'कण्णु' म्हणजे डोळा आणि 'मुच्चु' म्हणजे झाकणे. मराठी आणि तेलुगूनं लपणाऱ्याकडे पाहून नाव ठेवलं, कन्नडानं डोळे झाकून उभ्या राहिलेल्या गड्याकडे पाहून. नाव ठेवताना कोणाकडे पाहिलं, यावर मला पुढचं सगळं बोलायचं आहे.

कारण लपंडावाचा एक नवा भाऊ आता आपल्या मुलांपर्यंत येऊन पोचला आहे. परदेशात राहणारी मराठी कुटुंबं सुट्टीच्या दिवशी लहान मुलांना घेऊन तो खेळतात, आणि दिवाळीला गावी आली की इथंही खेळायला मागतात. त्याचं नाव जिओकॅशिंग. कोणीतरी एक डबी कुठंतरी लपवून ठेवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. बाकीच्यांनी फोनवरच्या जीपीएसच्या आधारानं तिथवर जायचं, डबी हुडकायची, आतल्या छोट्या वहीत नाव आणि तारीख लिहायची, आणि डबी होती तशीच, होती तिथंच ठेवायची. आत लहान मुलांसाठी गोटी, खोडरबर, बिल्ला असं काहीबाही असतं. त्यातलं एक घ्यायचं असेल तर तेवढ्याच किंवा जास्त मोलाचं दुसरं आत ठेवायचं.

हा खेळ ठरावीक दिवशी जन्मला. अमेरिकन सरकार नागरी वापराच्या जीपीएसमध्ये मुद्दाम चूक घालत असे, त्यामुळे जागा शंभरेक मीटर इकडेतिकडे दिसे. ती चूक २ मे २००० रोजी काढून टाकली. दुसऱ्याच दिवशी, ३ मे रोजी, ओरेगॉन राज्यातल्या बीव्हरक्रीकजवळ डेव्ह उल्मर यांनी एक काळी बादली रानात अर्धवट पुरली आणि तिचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर कळवले. बादलीत पुस्तकं होती, घेवड्याचा डबा होता, एक बेचकीही होती. तीन दिवसांत ती दोघांना सापडली. सुरुवातीला या प्रकाराला 'स्टॅश हंट' म्हणत. पण 'स्टॅश' या शब्दाला चोरून दडवलेल्या मालाचा, अमली पदार्थांचा वास होता. म्हणून ३० मे रोजी मॅट स्टम यांनी 'जिओकॅशिंग' हे नाव सुचवलं आणि तेच टिकलं. खेळ महिन्याचाही झाला नव्हता, तेवढ्यात खेळणाऱ्यांनी वाईट वासाचा शब्द टाकून दिला. मला यातली ही गोष्ट सगळ्यांत मोलाची वाटते.

'जिओ' ही ग्रीकांची भूमी. 'कॅश' म्हणजे फ्रेंच 'काशे', लपवणे. कॅनडातले फ्रेंच बोलणारे कातडी-व्यापारी आणि शिकारी रानात खड्डा करून त्यात शिधा आणि माल ठेवत, वर माती सारखी करत आणि परतताना काढून घेत. त्या खड्ड्याला ते हा शब्द वापरत. बँकेतल्या 'कॅश'शी याचा काही संबंध नाही, तो शब्द पेटीवरून आला आहे. मराठवाड्यातल्या माणसाला मात्र शिकाऱ्यांचा तो खड्डा लगेच ओळखीचा वाटेल. आपल्याकडे तो ज्वारीसाठी होता आणि त्याला पेव म्हणत. जमिनीत खोल खणलेलं, तोंड निरुंद, पोट रुंद, आत कडबा लावून भरलेलं धान्य आणि वरून मातीनं लिंपलेलं तोंड. पेव उघडल्यावर कोणी लगेच आत उतरत नसे. कोंदलेली हवा निघून जाऊ देत, कंदील खाली सोडून तो विझत नाही ना ते बघत, मगच माणूस उतरे. पेवं गेली, 'पेव फुटलं' एवढा वाक्प्रचार राहिला.

मग आपल्या मुलांसाठी या खेळाला काय म्हणायचं? बहुतेकांच्या तोंडी पहिल्यांदा 'खजिना' येतं. खजिना अरबी आहे. साठवणे या अर्थाच्या ज्या अरबी मुळापासून तो निघाला, त्याच मुळाच्या 'मखजन' म्हणजे कोठार या शब्दापासून युरोपात 'मॅगझिन' गेला. आधी दारूगोळ्याचं कोठार, मग लेखांचं. शब्द देखणा आहे, पण डबीत खोडरबर असेल तर सहा वर्षांच्या मुलाला खजिना सांगून नेणं बरं नाही. ते मोहरांच्या आशेनं जातं आणि हिरमुसून येतं.

'निधी' अर्थानं अगदी चपखल आहे: नि आणि धा, म्हणजे खाली ठेवणे, जपून ठेवणे. पण तो आता फलकांवर गेला. आमदार निधी, खासदार निधी यांतून त्याला परत आणणं अवघड.

आणि तिसरा शब्द, जो मी कोणालाही वापरू देणार नाही, तो 'गुप्तधन'. मराठवाड्यात या शब्दानं फार नासधूस केली आहे. जुन्या देवळांच्या पायऱ्या, बारवांच्या भिंती, पडक्या गढ्या या एका शब्दापायी खणल्या गेल्या. त्याच्या पाठीमागं मांत्रिक आले, आणि काही ठिकाणी माणसांचे जीव गेले. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याला गुप्तधनाच्या शोधातल्या अमानुष कृत्यांचा वेगळा उल्लेख करावा लागला, यात सगळं आलं. त्याआधी १८७८ पासून निखात निधीचा कायदा आहेच: जमिनीत दडलेली, दहा रुपयांहून जास्त मोलाची वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. अमेरिकेतल्या खेळणाऱ्यांना 'स्टॅश' टाकावासा वाटला; आपल्याकडे 'गुप्तधन' टाकण्याची निकड त्याहून कितीतरी मोठी आहे. खेळाचा नियमही तेच सांगतो. पहिली बादली अर्धवट पुरली होती खरी, पण पुढं नियम झाला की डबी पुरायची नाही, ती काढायला कोणाला जमीन उकरावी लागू नये.

दिवाळीच्या सुट्टीत भाचीची मुलं पुण्याहून आली होती, एक सहा वर्षांचा, एक नऊ वर्षांची. त्यांना घेऊन आम्ही होट्टलला गेलो. देगलूरपासून जवळच, कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातली देवळं आहेत तिथं. आधी देऊळ सावकाश पाहिलं. देवळाच्या एकाही दगडात काही खोचायचं नाही, हे ठरलेलंच होतं. डबी मी आदल्या दिवशी ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून त्याच्या बांधावर ठेवली होती, फोडणीच्या डब्यातल्या वाटीएवढी, झाकणाची, स्टीलची. मुलांना कागदावर आकडे लिहून दिले. अंशाचे साठ भाग म्हणजे कला आणि कलेचे साठ म्हणजे विकला, हे पंचांगातले शब्द नऊ वर्षांच्या मुलीला पहिल्यांदा कळले. या खेळात कलेचे दशांश वापरतात. उत्तर-दक्षिण अंतरात एक कला म्हणजे सुमारे १८५० मीटर, म्हणून तिचा हजारावा भाग दोन मीटरही भरत नाही. हे तिनं स्वतः भागाकार करून काढलं. याच रेखांशाच्या पट्ट्यातून दोनशे वर्षांपूर्वी विल्यम लॅम्टनची माणसं बिदरजवळच्या दामरगिद्द्यापासून वऱ्हाडाकडे त्रिकोण मोजत गेली होती. लॅम्टन १८२३ मध्ये त्याच कामात हिंगणघाटला वारला, तिथंच त्याची कबर आहे. हेही तिला सांगितलं. धाकट्याला त्यात रस नव्हता. त्याला बाण हलताना बघायचा होता.

फोननं "तीन मीटर" म्हटलं आणि तो निरुपयोगी झाला. इथून पुढं डोळे आणि हात. शेतकऱ्यानं दोघांच्या हातात एकेक काटकी दिली. "दगड उलटायच्या आधी काटकीनं हलवा. खाली इंचू असतो." मुलं एकेक दगड हलवू लागली. बाभळीच्या बुंध्याशी तीन दगड जरा जास्तच नीट रचलेले आहेत, हे धाकट्याच्या ध्यानात आलं, कारण त्याचे डोळेच त्या उंचीवर होते. तो ओरडला, "हुडकलं!" शेतकरी हसून म्हणाला, "हुडकत तर होतास मगाधरनं. आता घावलं म्हण."

त्या माणसानं एका वाक्यात क्रियापदांची उतरंड लावून दिली. हुडकणं आपल्या हातात असतं, घावणं नसतं. म्हणून 'मी हुडकलं', पण 'मला घावलं'. प्रमाण मराठीतली 'सापडणे' आणि 'गवसणे' हीसुद्धा अशीच, कर्त्याला 'ला' लावून येणारी. सापडणेचं मूळ संस्कृत 'संपत्', एकत्र पडणे, गाठ पडणे. १९६२ च्या लेखननियमांआधी त्यावर अनुस्वार असे, 'सांपडणे', तो या मुळाचीच खूण होता. गवसणेचं मूळ 'गवेष्', आणि त्यात सरळ सरळ गाय आहे: गो आणि एष, गाईच्या शोधात असणे. विद्यापीठातली 'गवेषणा' आणि रानात चुकलेली कालवड हुडकत फिरणारा गुराखी एकाच शब्दातून निघाले. लाल कंधारी गाईंच्या या मुलखात हे सांगितलं की शेतकऱ्याला नवल वाटत नाही, त्याला ते रास्त वाटतं.

हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात या 'गवेष्'ला पर्याय म्हणून जे धातू दिले आहेत त्यात 'ढुंढुल्ल' आहे. आपलं धुंडणं, धुंडाळणं त्याच्याच गोतातलं. काशीखंडात गणपतीच्या ढुंढिराज नावाची फोडही शोधणे याच अर्थानं केली आहे. देगलूरला हे नाव परकं नाही, ज्ञानेश्वरीचे थोर निरूपणकार धुंडा महाराज याच गावचे.

नाव कसं जन्मतं याचं उत्तम उदाहरण आपल्या अंगणात आहे. डबा ऐसपैस. इंग्रजी 'आय स्पाय', म्हणजे 'मी पाहिलं'; हिंदीत त्याचं आइस-पाइस झालं आणि मराठी पोरांनी त्यात आपला ओळखीचा 'ऐसपैस' ऐकला. कोणत्याही परिभाषा समितीनं तो शब्द घडवला नाही, तरी इतकी वर्षं तो टिकून आहे. जिओकॅशिंगचंही तसंच व्हावं असं मला वाटतं. 'भूनिक्षेपशोधन' असलं काही मुलांच्या माथी मारू नये. इंग्रजी नावानं लपवणाऱ्याकडे पाहिलं. लहान मुलाच्या दृष्टीनं हा खेळ लपवण्याचा नाहीच. त्यामुळे माझं मत हुडकाहुडकीला आहे. डबीला 'ठेवा' म्हणावं, कारण ती उचलून न्यायची नसते, ठेवायची असते.

होट्टल असो, कंधारचा किल्ला असो, की गावामागचा ओढा, मुलांना घेऊन एकदा ही हुडकाहुडकी खेळा. जागेच्या मालकाला विचारा, देवळात आणि किल्ल्याच्या भिंतीत डबी ठेवू नका, जमीन उकरू नका, हातात काटकी असू द्या. आणि खेळताना तुमच्या गावची पोरं शोधायला, लपवायला, सापडायला कोणते शब्द वापरतात ते कान देऊन ऐका आणि आम्हाला लिहून कळवा. सीमेकडच्या गावांतून आले तर जास्त आनंद होईल.