वर्तुळ : एका शब्दाचे गणगोत

मराठी परिभाषा अवघड, असा आक्षेप पालकांकडून वारंवार घेतला जातो. महाराष्ट्राबाहेर, जेथे मराठी घरापुरतीच उरते, तेथे तो अधिकच तीव्र होतो. या आक्षेपाची पारख करण्यास भूमितीतील ‘वर्तुळ’ हा एकच शब्द पुरेसा आहे.

‘वृत्’ या संस्कृत धातूचा अर्थ वळणे, फिरणे, असणे. त्यापासून ‘वर्तुल’ म्हणजे गोल हा शब्द सिद्ध झाला. सूत कातण्याच्या टकळीला फिरण्यास साहाय्य करणाऱ्या गोळ्यालाही संस्कृतात ‘वर्तुला’ म्हणत. म्हणजे या शब्दाच्या मुळाशी आकृती नाही, गती आहे.

हाच शब्द प्राकृताच्या मार्गाने मराठीत ‘वाटोळा’ होऊन आला. मोल्सवर्थ यांच्या मराठी-इंग्रजी कोशात (दुसरी आवृत्ती, १८५७) ‘वाटोळा’चा अर्थ गोल असाच दिला आहे. आज ‘वाटोळे’ हा शब्द बहुधा नाशाच्या अर्थानेच कानी पडतो. चालण्याची ‘वाट’, वळून केलेली समईतील ‘वात’, माणसाची ‘वर्तणूक’ आणि पाठाची ‘आवृत्ती’ ही सारी त्याच धातूची लेकरे. ज्या घरात वाट आणि वात आहे, त्या घराला वर्तुळ परके कसे?

प्राचीन गणितज्ञ मात्र वर्तुळाला ‘वृत्त’ म्हणत. आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास सांगितले की, व्यास २०,००० असता परिघ जवळजवळ ६२,८३२ होतो. म्हणजेच गुणोत्तर ३.१४१६. ‘जवळजवळ’ म्हणण्यातील त्याचा काटेकोरपणा आजही विद्यार्थ्यांना दाखवावा असा आहे. हिंदीने वर्तुळासाठी ‘वृत्त’ शब्द राखला. मराठीत वृत्त म्हणजे बातमी किंवा कवितेचा छंद. हिंदी भाषक प्रदेशात वाढणाऱ्या मराठी मुलाला दोन्ही शब्द भेटतात. त्यांचे नाते उमगले, तर गोंधळाच्या जागी कुतूहल जागे होते.

वर्तुळाच्या परिवारात पाहुणेही आहेत. ‘केंद्र’ हा शब्द ज्योतिषशास्त्राबरोबर ग्रीक भाषेतून संस्कृतात आला. मूळ ग्रीक ‘केंट्रॉन’ म्हणजे टोकदार काटा, कंपासाचे रुतलेले टोक. इंग्रजी ‘सेंटर’ही त्याच मूळचा, तेव्हा केंद्र शिकलेल्या मुलास सेंटर अनोळखी नाही. ‘जीवा’ आणि ‘ज्या’ म्हणजे धनुष्याची दोरी. ‘त्रिज्या’ ही मुळात तीन राशींची, म्हणजे ९० अंशांची ज्या. आकाशाचे गणित करणाऱ्यांनी दिलेले हे नाव आज इयत्तेच्या वहीत सुखाने नांदते आहे.

परिभाषा अवघड वाटते ती तिची ओळख करून दिली जात नाही म्हणून. संज्ञा पाठ करून घेतली, तर ती परीक्षेनंतर विसरली जाते. तिचे गणगोत दाखविले, तर ती भाषेचा भाग होते. मराठी माध्यमाच्या शाळेचे प्रयोजन या ओळखीतच आहे आणि ते मुलांनी अन्य भाषा शिकण्याच्या आड येत नाही.

भारतीय कालगणनेत प्रभवापासून क्षयापर्यंत ६० संवत्सरांचे चक्र पूर्ण होते आणि पुन्हा प्रभव येतो. हीरक महोत्सव साजरा करणाऱ्या शाळेचेही असे एक आवर्तन पूर्ण झाले आहे. ‘वृत्’ धातूच्या अर्थात फिरण्याबरोबर ‘असणे’ही आहे, पुढील आवर्तनात मराठीचे असणे ही शाळा, पालक आणि माजी विद्यार्थी यांची समाईक जबाबदारी आहे.